लेकरांना घरीच सॉफ्टवेअरवर कीबोर्ड शिकवायचाय, कुठून सुरुवात करू?

परभणीची_माय

नमस्कार मंडळी,

आम्ही परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला राहतो. दोन लेकरं आहेत, थोरली 8 वर्षांची आणि धाकट्याला नुकतीच 5 पूर्ण झाली. थोरलीनं शाळेच्या गॅदरिंगमधे एका मोठ्या पोराला कीबोर्ड वाजवताना पाहिलं तेव्हापासून एकच धोशा लावलाय, मला पण शिकायचं. इकडं कीबोर्डचा क्लास नाही. परभणीला आहेत, पण शाळा सुटल्यावर एसटीनं जाऊन यायचं म्हणजे घरी यायला रात्र होते, आठवड्यातून एकदा सुद्धा जमणं अवघड. गावात भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका आहेत, हात लई गोड आहे त्यांचा, पण ते म्हणायलेत एवढ्या लहान लेकरांना मी कधी शिकवलं नाही, तुम्ही मोबाईलवर काहीतरी बघा.

म्हणून मोबाईलवर एक फुकटचं ॲप घेतलं. त्यात वरून रंगीत पट्ट्या पडतात, बरोबर वेळेला दाबलं की स्टार मिळतात. थोरली स्क्रीनवरच दोन बोटांनी टकाटक दाबते आणि एक इंग्रजी गाणं आख्खं वाजवते. पण मोबाईल बाजूला ठेवून म्हटलं बाई तेच गाणं जरा गुणगुणून दाखव, तर तिला येईना. चालच डोक्यात नाही. मग हे शिकणं झालं का, हेच मला कळेना.

आता खरा कीबोर्ड घ्यायचा विचार चाललाय, बजेट 10 हजाराच्या आसपास. घरी जुना विंडोजचा लॅपटॉप आहे, 4 जीबी रॅमचा, आणि दोन ॲन्ड्रॉइड मोबाईल. नेट संध्याकाळी फार मंद होतं आणि लाइटचा तर काही नेमच नाही, त्यामुळं नेटशिवाय चालणारं काही असेल तर बरं. कोणता कीबोर्ड, कोणतं सॉफ्टवेअर, सारेगम शिकवावं का सी डी ई, आणि 5 वर्षांच्या लेकराला आत्ताच बसवावं का अजून दोन वर्षं थांबावं? मला स्वतःला वाजवता येत नाही. सासूबाई जात्यावरच्या ओव्या फार सुंदर म्हणतात, संगीत म्हणून घरात तेवढंच आहे. आणि एक राहिलंच, कीबोर्ड एक आणि लेकरं दोन, त्यावर काय करतात लोक?


जोडणी_लातूर

ताई, गाण्यातलं दुसरे लोक सांगतील, मी कीबोर्ड आणि लॅपटॉपचं सांगतो कारण लोकांचे पैसे वाया जातात ते तिथंच.

कीबोर्ड घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारायचा की याला कॉम्प्युटरला जोडायचं यूएसबी तोंड आहे का. किती टोन, किती रिदम ते सगळं नंतर. ते तोंड असलं की कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली ते कीबोर्ड लॅपटॉपला कळवतो, त्यालाच मिडी म्हणतात. 1983 पासूनची पद्धत आहे आणि अजून तीच चालते. वायरमधून आवाज जात नाही, नुसता निरोप जातो की 60 नंबरची पट्टी दाबली, आता सोडली. मधला सी म्हणजे 60. त्यामुळं सॉफ्टवेअरची चूक होत नाही, एकदम दोन पट्ट्या दाबल्या तरी दोन्ही बरोबर ओळखतं. यूएसबी नसलेल्या कीबोर्डवर ॲपला माइकवरून ऐकून अंदाज बांधावा लागतो. आपल्याकडं मार्च ते जून घरात कूलर चालू असतो, त्या घरघरीत माइकवाल्या ॲपला काही उमगत नाही, लेकरू बरोबर वाजवतं आणि ॲप चूक दाखवतं. लहान लेकराचं मन त्यानं फार मोडतं हो.

मॉडेलचं म्हणाल तर यामाहाचा पीएसआर-ई273 शिकायला चांगला आहे पण त्याला कॉम्प्युटरचं तोंड नाही. पीएसआर-ई373 ला आहे आणि टच रिस्पॉन्स पण आहे, म्हणजे हळू दाबलं की हळू वाजतं, जोरात दाबलं की जोरात. कॅसिओत सीटी-एस200 ला यूएसबी आहे, टच रिस्पॉन्स नाही, त्याच्या वरच्या सीटी-एस300 ला दोन्ही आहे. भाव बदलत राहतात, लातूर किंवा नांदेडच्या दोन दुकानांत फोन करून विचारा. यूएसबीवाले हे तिन्ही 6 पेन्सिल सेलवर पण चालतात, म्हणजे लाइट गेली तरी रियाज थांबत नाही. छोट्या पट्ट्यांचे 32 आणि 44 कीवाले स्वस्तातले घेऊ नका. मोठ्या कीबोर्डवर एक सप्तक साधारण 16.5 सेंटीमीटर रुंद असतं, बोटांना तेच अंतर लहानपणी बसलं पाहिजे. 61 की, मोठ्या पट्ट्या, यूएसबी, एवढं बघा म्हणजे झालं.

केबल घेताना एक ध्यानात ठेवा. यामाहाला प्रिंटरची असते ती चौकोनी तोंडाची केबल लागते, या कॅसिओंना जुन्या मोबाईलची मायक्रो यूएसबी लागते, पण ती डेटावाली पाहिजे. बऱ्याच चार्जिंगच्या केबलमधे डेटाची तारच नसते, मग लोक दिवसभर ड्रायव्हर शोधत बसतात. मोबाईलला जोडायचं तर ओटीजी, म्हणजे मोबाईलला यूएसबीची वस्तू जोडायचा छोटा जोड, पाहिजे आणि ॲन्ड्रॉइड 6 किंवा त्याच्या पुढचं पाहिजे.

आवाजाला ब्लूटूथ स्पीकर अजिबात लावायचा नाही. पट्टी दाबल्यावर आवाज मागून येतो आणि लेकराचा ताल बिघडतो. कीबोर्डचा स्वतःचा स्पीकर सगळ्यात चांगला.

सॉफ्टवेअर नेटशिवायचं पाहिजे तर जीकॉम्प्री टाका, फुकट आहे, 2 ते 10 वर्षांच्या लेकरांसाठी केलेलं. त्यात गणित-भाषा-कोडी सगळं आहे आणि संगीताचे पण चार-पाच खेळ आहेत, ताल ऐकून तसाच वाजवायचा, सुरांची नावं ओळखायची वगैरे. धाकट्यासाठी ते पुरे. थोरलीसाठी पियानोबूस्टर, ते पण फुकट, जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतं. त्यात एक मोड असा आहे की लेकरू बरोबर पट्टी दाबेपर्यंत गाणं थांबून राहतं, कुठली घाई नाही. वेग निम्म्यावर आणता येतो, एकच हात निवडता येतो. आणि त्यात पडणाऱ्या पट्ट्यांऐवजी खरं नोटेशन, म्हणजे रेघांवर लिहिलेले सूर, असतं. सिंथेशिया नावाचं अजून एक सॉफ्टवेअर आहे, त्यात पट्ट्या पडतात, दिसायला भारी आहे, पण ताई तुमच्या पोरीचं जे झालंय ते बघता मी आधी ते देणार नाही.


पेटीमास्तर_अंबाजोगाई

ताई, तुम्ही जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं. गाणं वाजतंय पण गुणगुणता येत नाही, म्हणजे गाणं डोळ्यातून सरळ बोटात चाललंय, कानाकडं वळलंच नाही. मी पेटी आणि कीबोर्ड दोन्ही शिकवतो, ॲपवर शिकून आलेली पोरं माझ्याकडं बरीच येतात, त्यांची बोटं चपळ असतात पण स्क्रीन बंद केली की हात थांबतो.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, जी ओळ वाजवायची ती आधी गळ्यातून निघाली पाहिजे. बेसूर निघाली तरी चालेल पण निघाली पाहिजे. मग ती कीबोर्डवर शोधायची, चाचपडत, स्वतः. आणि मग सॉफ्टवेअरवर तपासायची. तुमच्या घरात सध्या हा क्रम उलटा चाललाय.

आता 5 वर्षांच्या लेकराचं. त्याला नक्की बसवा पण वेगळ्या तऱ्हेनं. कीबोर्डवर काळ्या पट्ट्या बघा, दोनचा जोड आणि तीनचा जोड असे आळीपाळीनं येतात. पहिल्या दिवशी त्याला एवढंच शोधू द्या, दोनची घरं कुठं, तीनची घरं कुठं. मग तीनच्या जोडातली पहिली काळी म्हणजे सा धरायचा. ते तीन झाले सा रे ग, त्याच्या उजवीकडचा दोनचा जोड झाला प ध. हा झाला भूप राग. म आणि नी नाहीत. काळ्या पट्ट्यांवर लेकरानं कशीही बोटं फिरवली तरी भूपाच्या बाहेर जातच नाही, कानाला वाईट लागतच नाही. तुम्ही खालचा सा धरून ठेवा आणि त्याला वर हिंडू द्या. माझ्याकडची लहान लेकरं यात रमून जातात, उठवावं लागतं त्यांना. त्याच पाच पट्ट्या ठेवून सा फक्त दोनच्या जोडातल्या पहिलीवर नेला की तोच दुर्गा राग होतो, सा रे म प ध. थोरलीला हे करून दाखवा, पट्ट्या त्याच आणि रंग किती बदलतो ते तिचं तिला ऐकू येईल. हे कुठलं ॲप शिकवत नाही.

थोरलीला पांढरी 1 पासून सुरू करा. दोन काळ्यांच्या जोडाच्या लगेच डावीकडची पांढरी, तीच पांढरी 1, तिलाच सॉफ्टवेअर सी म्हणतं. 61 कीच्या कीबोर्डवर डावीकडून तिसरा सी म्हणजे मधला. उजव्या हाताचा अंगठा सा वर, मग ओळीनं रे ग म प वर चार बोटं. अंगठा 1, करंगळी 5, दोन्ही हातांना हेच नंबर, सॉफ्टवेअरमधे पण हेच असतात. सारेगमप, पमगरेसा, हळू, प्रत्येक सूर म्हणत म्हणत. हे बसलं की पुढचे तीन सूर. तिथं लेकरं हमखास अडतात, कारण बोटं संपतात. ग वाजवताना मधलं बोट खाली असतं, त्याच्या पोटाखालून अंगठा म वर आणायचा. म्हणजे सा रे ग ला 1 2 3 आणि म प ध नी सां ला 1 2 3 4 5. अंगठा आत घेताना कोपर बाहेर उडता कामा नये, मनगट वाकडं होता कामा नये. हे बघायला माणूस लागतो. सॉफ्टवेअरला फक्त पट्टी दाबली एवढंच कळतं, ती कोणत्या बोटानं दाबली, खांदे वर चढलेत का, लेकरू पोक काढून बसलंय का, यातलं काही त्याला दिसत नाही. तुम्हाला वाजवता येत नसलं तरी हे तुम्हाला दिसतं. म्हणून शेजारी बसा.

बसण्याचं म्हणाल तर कोपर आणि पट्ट्या एका पातळीत पाहिजेत. मोठ्या टेबलावर ठेवला की लहान लेकराचे हात वर उचलले जातात आणि दुखतात. खाली सतरंजीवर मांडी घालून बसवा, कीबोर्ड ठेंगण्या चौरंगावर. खुर्चीवर बसवलं तर पायाखाली पाट द्या, पाय लोंबकळत ठेवू नका.

सारेगम का सी डी ई, तर दोन्ही. गायची पट्टी, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा ते, बदलली की सा बदलतो, सी काही बदलत नाही. गाताना सारेगम, कीबोर्डवरच्या पट्टीचं नाव घेताना सी डी ई. लेकरांना याचा गोंधळ होत नाही, आपल्यालाच होतो. तुमच्या पोरीचा गळा बहुतेक काळी 4 किंवा काळी 5 ला (पांढरी 1 पासून मोजत गेलं की चौथी-पाचवी काळी) बसेल, तेव्हा पांढरी 1 ला गाताना वर ओढाताण झाली किंवा खाली आवाज बसला तर कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं त्यानं पट्टी बदलून द्या, बोटं तिथंच राहतील. सॉफ्टवेअरला जोडताना मात्र ट्रान्सपोज परत 0 करायचं.


हिंगोलीकर

विषय चांगला आहे पण एवढ्या लहान लेकराच्या हातात परत स्क्रीन कामून द्यायची? आधीच मोबाईल सोडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मधे सांगितलंय की 2 ते 4 वर्षांच्या लेकरांना बसून स्क्रीन बघणं दिवसाला तासाच्या वर नको, कमी असेल तितकं चांगलं. 5 वर्षांचं लेकरू त्याच्या जरासंच पुढं आहे. आणि कीबोर्डचे सूर पण खरे सूर नाहीत असं जाणकार म्हणतात, लहानपणीच कान बिघडला तर?


पेटीमास्तर_अंबाजोगाई

दादा, स्क्रीनचं तुमचं बरोबर आहे. धाकट्याला तर स्क्रीनची गरजच नाही, त्याला काळ्या पट्ट्या आणि आजी पुरे.

कानाचं थोडं सविस्तर सांगतो कारण ही शंका खरी आहे. पेटी काय आणि कीबोर्ड काय, सप्तकाचे 12 सारखे भाग केलेले असतात. तंबोऱ्यात नैसर्गिक ऐकू येतो त्या गंधारापेक्षा कीबोर्डचा ग किंचित चढा असतो, साधारण 14 सेंट, म्हणजे एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंतच्या अंतराचा सातवा हिस्सा. आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेता येत नाही. याच कारणानं आकाशवाणीनं 1940 मधे पेटी बंद केली होती, 1971 नंतर ती परत आली. पण त्या सगळ्या काळात आपल्या भजनात, कीर्तनात, तमाशात पेटी चालूच होती आणि त्याच पेटीवर सुरेल माणसं घडली. कीबोर्डनं कान बिघडत नाही. लेकरू कधी गातच नसेल तर मात्र कान घडत नाही. आठवड्यातून दोनदा मोबाईलवर तंबोरा लावून नुसता सा म्हणायला लावा, ही काळजी मिटते.


जालन्याचा_बाप

माझा मुद्दा जरा वेगळा आहे. रंगीत पट्ट्यांच्या ॲपला इथं सगळेच नावं ठेवायलेत, पण माझं पोरगं त्याच्यामुळंच कीबोर्डजवळ आलं. 8-9 वर्षांच्या लेकराला एक आख्खं गाणं आपल्याला वाजवता आलं याचा जो आनंद होतो तो पण खरा असतो, तो हिसकावून घेऊ नका. ताई, तिला आवडतं ते गाणं आठवड्याच्या शेवटी वाजवू द्या, पण मोबाईलच्या काचेवर नको, खऱ्या कीबोर्डवर वाजवू द्या. काचेवर बोटाला पट्टी लागतच नाही, न बघता कुठली पट्टी कुठं आहे हे हाताला कधी कळत नाही.

पैसेवाल्या ॲपचं. सिम्पली पियानो, फ्लोकी ही दोन्ही चांगली आहेत, धडे नीट पायरीपायरीनं आहेत, पण वर्गणी भरावी लागते, नेट लागतं, आणि गाणी जवळपास सगळी परदेशी. वर्गणी आपोआप पुढं चालू राहते, तेव्हा घ्यायचंच असेल तर एक महिना बघून प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमधे जाऊन बंद करून ठेवा. परदेशी गाण्यांची अडचण अशी की लेकराला ती चाल आधीपासून माहीत नसते, त्यामुळं चुकलं तरी त्याला ऐकू येत नाही की चुकलं. आरती चुकली की लगेच ऐकू येतं, कारण ती त्यानं पाळण्यात असल्यापासून ऐकलेली असते.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. मूसस्कोर नावाचं नोटेशनचं सॉफ्टवेअर आहे, फुकट. जुन्या लॅपटॉपवर त्याचं 3 नंबरचं व्हर्जन टाका, 4 जड जातं. त्यात आपल्याला येणारं गाणं एकेक सूर टाकून लिहायचं. नोटेशन येत नसलं तरी चालतं, खाली पियानो उघडतो त्यावर क्लिक केलं की सूर लागतो, लगेच वाजून दाखवतो, चुकला तर वर-खाली सरकवायचा. शाळेची प्रार्थना, आरतीचं ध्रुवपद, असं छोटं काहीतरी. मग ते मिडी फाइल म्हणून सेव्ह करायचं आणि पियानोबूस्टरमधे उघडायचं. झालं, सॉफ्टवेअर तुमच्या घरचं गाणं शिकवायला लागतं. पहिल्यांदा मला रात्रभर पुरलं, आता जेवण झाल्यावर बसलो की झोपायच्या आधी एक गाणं होतं. आणि ताई, तुमच्या सासूबाई ओव्या म्हणतात हे वाचून मला तर फार बरं वाटलं. ओवीची चाल चार-पाच सुरांतच फिरते, एका हाताच्या पाच बोटांत मावते, शिवाय तीच ओळ परत परत येते. लहान लेकराला याच्याहून चांगला पहिला धडा कुठला असणार? मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. ते रेकॉर्डिंग पुढं नातवंडांना पण राहील.

दोन लेकरांचं म्हणाल तर वेळ वाटून द्या आणि एकाची वेळ असताना दुसऱ्यानं टाळीनं ताल धरायचा. मेट्रोनोम 60 वर लावा, सेकंदाला एक ठोका. ताल धरणाऱ्याचं पण शिकणं होतं आणि भांडणं निम्मी कमी होतात. धाकट्याला 10 मिनिटं, थोरलीला 15-20, त्याच्या वर नको पण रोज. रविवारी दोन तास बसवण्यात काही अर्थ नाही.


जोडणी_लातूर

जालनेकरांनी मूसस्कोरचं सांगितलं ते फार कामाचं आहे. एक भर. नेट चालू असेल तेव्हा क्रोममधे क्रोम म्युझिक लॅब उघडा, गुगलचं आहे, फुकट, लॉगिन पण लागत नाही. त्यात साँग मेकर म्हणून आहे, चौकोनात रंग भरायचे की चाल तयार होते. कीबोर्ड यूएसबीनं जोडला तर त्यातून पण सूर टाकता येतात. ही स्क्रीन मला चालते कारण यात लेकरू स्वतः काहीतरी करतं, नुसतं समोरून आलेलं झेलत बसत नाही.


परभणीची_माय

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. उत्तर द्यायला उशीर झाला कारण मधे कीबोर्ड आला. सीटी-एस200 घेतला, नांदेडहून. चार्जिंगची केबल लावली होती तर लॅपटॉपला काहीच दिसेना, मग इथं लिहिलेलं आठवलं, डेटाची केबल आणली आणि लगेच दिसला.

धाकटा काळ्या पट्ट्यांवर असा रमलाय की सकाळी दात घासायच्या आधी तिथं जाऊन बसतो. दोनचं घर, तीनचं घर असं मोठ्यानं म्हणत बोटं ठेवतो. सासूबाई बाजूला बसून ओवी म्हणतात आणि तो मधे मधे एखादा सूर लावतो, बरोबर लागला की त्याच थांबून त्याच्याकडं बघतात. त्यांना वाटायचं ओव्या म्हणजे काही गाणं नाही, जातं गेलं तसं तेही गेलं. आता त्याच विचारायल्यात, आज कुठली म्हणू. दोन रेकॉर्ड करून ठेवल्यात.

थोरलीला पहिले काही दिवस राग आला, स्टार कुठंत म्हणे. पण शाळेची प्रार्थना मूसस्कोरमधे आम्ही दोघींनी मिळून टाकली, ती गायली आणि मी क्लिक केलं, तिथं तिचं मन लागलं. एक ओळ मी चुकीची टाकली होती तर तीच म्हणाली, आई हा सूर खाली पाहिजे. गुणगुणता न येणारी पोर हे सांगायली म्हटल्यावर मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. पेटीवाल्या काकांना पण दाखवलं, ते म्हणाले रविवारी घेऊन या, अंगठा आत कसा घ्यायचा ते मी बघतो.

आता एक अडचण. पियानोबूस्टरमधे पट्टी दाबली की दोनदा आवाज येतो, एक कीबोर्डमधून आणि एक लॅपटॉपमधून जरासा मागून. दोघांचं मिळून कालवाकालव होते. तिचा ताल सुटायलाय. काय करू?

आणि मास्तर, पुढं परीक्षा देता येते का याची?


जोडणी_लातूर

हे सगळ्यांना होतं, घाबरू नका. मागून येतोय तो विंडोजच्या आतल्या सिंथचा, म्हणजे सूर तयार करणाऱ्या प्रोग्रामचा, आवाज, तो उशिराच येतो. पियानोबूस्टरमधे मिडी सेटअप उघडा, तिथं इनपुटला तुमचा कीबोर्ड असेलच, आउटपुटला पण विंडोजचा सिंथ काढून कीबोर्डच निवडा. म्हणजे सोबतीचं संगीत पण कीबोर्डच्याच स्पीकरमधून वाजेल आणि उशीर जाईल. एवढं करून पण एकेका पट्टीचा आवाज जाड, दुहेरी आल्यासारखा वाटला तर कीबोर्डच्या मॅन्युअलमधे लोकल कंट्रोल (पट्टी दाबली की कीबोर्डनं स्वतः आवाज काढायचा का नाही ते ठरवणारी सेटिंग) शोधा, असेल तर सॉफ्टवेअर चालू असेपर्यंत तो ऑफ ठेवा. नंतर आठवणीनं ऑन करा, नाहीतर धाकटा सकाळी बसेल आणि कीबोर्ड मुकाच राहील.


पेटीमास्तर_अंबाजोगाई

परीक्षा आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत संवादिनी विषय आहे, प्रारंभिकपासून सुरू होतो, पण तो पेटीचा. कीबोर्डसाठी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या परीक्षा आहेत, इनिशियलपासून ग्रेड 8 पर्यंत, त्यांना नोटेशन वाचता यावं लागतं. पोरगी 8 ची आहे, एक-दोन वर्षं तरी परीक्षेचं नाव काढू नका.

काकांकडं जाताना कीबोर्ड घेऊन जा, ते तिच्या शेजारी पेटीवर तीच ओळ वाजवतील. पेटीला भाता असतो म्हणून डावा हात तिकडं गुंतलेला राहतो, त्यामुळं काकांकडून उजव्या हाताचं सगळं मिळेल. डाव्या हातासाठी घरी असं करा की तिनं उजव्यानं ओळ वाजवताना डाव्या करंगळीनं खालचा सा धरून ठेवायचा, नुसता. ते सवयीचं झालं की सा आणि प, करंगळी आणि अंगठा, दोन्ही एकत्र धरायचे. मग इथं लिहा, पुढचं सांगतो.